सडव्याची खोली शेवटी

प्रिय माई,

दंडवत.

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. इतक्या दिवसांत पत्र लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायचं काय, तेच सुचत नव्हतं. शिवाय तुम्हाला अक्षर येत नव्हतं. आलेली पत्रंसुद्धा मीच वाचून दाखवायची. आज मात्र राहवेना. एक पाठकोरा कागद सापडला तो घेऊन बसले आहे. आज दुपारी गोदाकाकी घरी आल्या होत्या.

हो, त्याच. तुमच्या-माझ्या चुलतसासूबाई. ओसरीवर येऊन भिंतीला टेकल्या, पाय लांब केले आणि नेहमीसारखी हाक मारली, "काहून व मॅट्रिक, काय करून राह्यली?"

मी बियाण्याच्या पुड्या बांधत होते. म्हटलं, या.

"अकोल्याचा तो मोहाच्या दारूचा कारखाना म्हने साऱ्या अमरावतीनं पाह्यला. वकिलाच्या बाया गेल्या, मास्तरीन गेली. बाग हाये, फवारा हाये, दिवसा इजेचे दिवे लावून दाखवते म्हनते. आमीच काय पाप केलं? तू शिकेल हायेस. गाडीचा टाइम पाह्य, अन् आमाले नेऊन आन."

माझ्या हातातली पुडी सुटली, माई. मेथीचं बी ओसरीभर झालं.

मी म्हटलं, "काकी, दारूचा कारखाना आहे तो."

"मंग? पेयाले थोडी जाऊन राह्यलो! पाह्याले जाऊन राह्यलो. पाह्यल्यानं काय आंगाले चिकटते?"

ऐकलंत? पाहिल्यानं काय अंगाला चिकटतं! हे त्यांच्या तोंडून! मी खाली बसून बी वेचत राहिले. वर पाहिलं असतं तर माझ्या तोंडातून काय निघालं असतं, देव जाणे.

तुम्हाला तो दिवस आठवत असेलच. माझ्या माहेरी भाचीचं बारसं होतं म्हणून आपण दोघी अकोल्याला गेलो होतो. कारखाना तेव्हा नवा. बायाबापड्या तिकडे फिरकत नव्हत्या, पण मला पुस्तकात वाचलेलं वाफेचं यंत्र डोळ्यांनी पाहायचं होतं. तुम्ही नको नको म्हणत होतात. "बारशाले आलो व आपन, भट्टी पाह्याले नाई आलो." मी ऐकलं नाही. माझा भाऊ घेऊन गेला. ते दोन पुरुषभर उंच तांब्याचं भांडं, ती सरकारी कुलपाची कोठी, आणि ती लांब खोली, जिच्यात हौदांमध्ये मोहाची फुलं पाण्यात सडत घातलेली. सडवा म्हणतात त्याला. फसफसत होता. तुम्ही पदर नाकाला लावलात आणि म्हणालात, "बाप्पा! याच फुलाचे लाडू आमची आजी करे. कसं गोड फूल, अन् याइनं त्याचं काय करून टाकलं!"

माहेरी परत आलो. भाचीनं माझी मांडी ओली केली. आईनं मला न्हाऊ घातलं, कोरं लुगडं दिलं. तुमच्या मांडीवर ती रडली म्हणून तुम्हाला पुन्हा दिलीच नाही. एवढाच फरक, माई! त्या पोरीनं तुमची मांडी ओली केली असती तर पुढचं सारं टळलं असतं. किती वेळा मी त्या लेकराचा मनात राग केला. आता ती चांगली चुरूचुरू बोलते, आणि मला तिला जवळ घ्यावंसं वाटत नाही.

गाडी उशिरा आली. मठात त्या दिवशी देवाला उपहाराचा नैवेद्य होता, मागून पंगत. घरी जायला वेळ नव्हता, स्टेशनावरून आपण सरळ मठात. तुम्ही कमरेला पदर खोचला आणि वरणाचं भांडं उचललं. दोन पानं वाढलीत आणि गोदाकाकींनी तुमचा पदर धरला. नाकाशी नेला. साऱ्या पंगतीसमोर!

"इच्या लुगड्याले दारूचा वास येऊन राह्यला! कुठं गेलती व?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी भाताची परात घेऊन उभी होते. महंतबाबांकडून उपदेश घेऊन पंथात आल्याला मला आठच दिवस झाले होते. शिकलेली सून घरात आणू नका, ती धर्म बुडवील, असं काकींनी माझ्या लग्नात सांगितलं होतं, आणि त्या त्याचीच वाट पाहत होत्या. हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तुम्ही म्हणालात, "स्टेशनाच्या रस्त्यानं आली, कलालाच्या दुकानावरून."

स्टेशनाच्या रस्त्याला कलालाचं दुकान नाही, माई! तुम्हाला खोटंसुद्धा धड बोलता येत नव्हतं. काकींनी ते तिथल्या तिथे पकडलं. "एक तं वास, अन् वरून खोटं!" तुमच्या हातातून वरणाचं भांडं काढून घेतलं आणि ते माझ्या हातात दिलं. माझ्या! मी परात खाली ठेवून ते घेतलं, आणि तुमची उरलेली पानं मी वाढली.

का नाही बोललात तुम्ही? वाटेनं परत येताना मी रडायला लागले तर उलट मलाच म्हणालात, "चूप. तू आता आता उपदेश घेतला. मायं काय, मी जुनी हावो." घरात भासऱ्यांनी, तुमच्या यजमानांनी, विचारलं तेव्हाही हसून टाकलंत. इतकं मोठं मन ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मला त्याचा राग आहे. तुम्ही एकदा जरी माझं नाव घेतलं असतं तरी मी आज सुखानं जेवले असते.

मग चार वर्षं तुम्हाला पंगत बंद होती. उपहाराच्या दिवशी पहाटे वांगी तोडून द्यायच्या, शेवंतीची टोपली बाजारात धाडायच्या आणि विहिरीजवळ एकट्या बसायच्या. तुमच्या हातची वांगी मठात चालली. तुमचा हात चालला नाही. मी परत येऊन विचारायचे, जेवलात का? तुम्ही विचारायच्या, वरण कसं झालं होतं?

आणि तुम्ही गेल्यावर, तुमच्या दिवसाच्या जेवणाला, त्याच गोदाकाकी हात धुता धुता म्हणाल्या, "बाई चांगली होती. एकडाव पाय घसरला, बस." मी हात पुसायला फडकं पुढं केलं. तेव्हाच ठरवलं की हे यांच्याकडून फेडून घ्यायचं. कसं, ते माहीत नव्हतं. आज त्यांनीच वाट दाखवली.

तर ऐका. मी हो म्हटलं आहे. नऊ बाया आहेत. पुढच्या गुरुवारी जायचं, आणि त्याच दिवशी मठात उपहार आहे. गाड्यांचं वेळापत्रक मी दोनदा पाहिलं. सकाळच्या गाडीनं गेलो तर लवकर परतता येतं, सगळ्यांना न्हाऊन मठात जाता येतं. ती गाडी मी सांगितलीच नाही. आम्ही दुसरीनं जाणार. काकींनी विचारलं, "येऊन आंग धुवाले भेटन ना?" मी म्हटलं, "वेळ उरला तर." हे काही खोटं नाही.

भावाला पत्र टाकलं आहे. कारखान्यातला एक कारकून त्याच्या ओळखीचा आहे, बोलायला लागला की थांबत नाही असा. त्याला सांग म्हटलं, बाग आधी दाखवा, फवारा, दिवे, यंत्र सारं आधी दाखवा, आणि सडव्याची खोली शेवटी. तिथं उभं करून सगळं नीट समजावून सांगा. बायांना फार उत्सुकता आहे!

काकी रेशीमकाठी लुगडं नेसणार आहेत. जाड, पक्कं नऊवारी. वास धरायला त्याहून चांगलं कापड नाही. दशम्या मीच करून नेणार आहे, म्हणजे खाण्यासाठी कोणाच्या घरी उतरायला नको, आणि हातपाय धुवायलाही नको.

महंतबाबांनी सांगितलं होतं, रागानं कोणाचं मन दुखवू नये. मी रोज नामस्मरण करते आणि रोज हे मोडते. काय होईल ते होवो, मी भोगीन.

पण माई, मघाशी एक गोष्ट ध्यानात आली आणि हात थांबला. वास काही एकट्या काकींच्या लुगड्याला येणार नाही. नऊ जणींच्या येईल. मी त्यांचा पदर धरून नाकाशी नेला तर त्या काय करतील? हसतील! "अव माय, साऱ्याइच्याच लुगड्याले वास!" म्हणतील. सगळ्या जणी हसतील, पंगत हसेल, महंतबाबासुद्धा हसतील. दोन दिवस गावात गंमत होईल. तुमची चार वर्षं त्या हसण्यात वाहून जातील, आणि त्यांना आठवणारसुद्धा नाही की याच वासापायी एक बाई पंगतीतून काढली होती. ज्याला हसता येतं त्याचा सूड कसा घ्यायचा?

तेव्हापासून एकच उत्तर येतं आहे. ते मला नको होतं. मी दुसरं पुष्कळ शोधलं.

कोणी हसायच्या आत मी बोलायचं. कोणी विचारेल, तुला काय ठाऊक माई कोठे गेली होती? त्याचं उत्तर जगात एकाच माणसाजवळ आहे, आणि ते आजवर मूग गिळून बसलं आहे. ते बोललं की माझ्या हातातूनही भांडं जाईल. मठातलं, घरातलं, कदाचित दोन्हीकडचं. आमचे हे काय म्हणतील, ठाऊक नाही. शिकलेली सून धर्म बुडवते, हे काकींचं म्हणणं खरं ठरेल आणि त्या ते मरेपर्यंत सांगत फिरतील. फिरू देत. पण मीच त्यांना फुकट सुटू देऊ? तेवढी मी चांगली नाही. तुम्ही होता.

म्हणून वचन देते. गुरुवारी वाढप सुरू होण्याच्या आधी, भरल्या पंगतीत, मी उभी राहून सांगीन: माईंना कारखान्यात मी नेलं होतं. त्यांना वास तिथला लागला आणि मला लपवायला त्या खोटं बोलल्या. मग गोदाकाकींना सांगीन, आता तुमचा पदर तुम्ही स्वतःच्या हातानं नाकाशी न्या, आणि माई निर्दोष होती हे साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. त्या म्हणेपर्यंत वरणाचं भांडं मी खाली ठेवणार नाही आणि एका पानावर थेंब पडू देणार नाही. पंगत बसली आहे तशी बसू दे. भात निवला तर निवू दे.

तुमची धाकटी जाऊ,
यशोदा