बंदर साफ होईपर्यंत

३ मार्च
माझ्या मुलाने, हेदीने, समुद्रापलीकडच्या मार्सेहून फोन पाठवलाय. त्याच्यासमोर बोललं की तो लिहून ठेवतो. मला वाचता येत नाही, म्हणजे ही रोजनिशी माझ्यापासूनही गुप्त राहील. आज बंदराचा गाळ उपसायला सुरुवात झाली. कारखान्याने चाळीस वर्षं सोडलेलं शिसं आणि कॅडमियम तळाशी बसलंय. सहा वर्षांपूर्वी हेदी म्हणाला होता, उम्मी, बंदर साफ झालं की मुलीला घेऊन येतो. नात तेव्हा पाळण्यात होती. म्हणजे या उन्हाळ्यात येणार. कामावर मी स्वतः लक्ष ठेवणार.

४ मार्च, सकाळ
खुर्ची घेऊन धक्क्यावर. यंत्राचा झाकणवाला डबा पाण्यात जातो, थोडा काळा चिखल घेऊन वर येतो, मग विचार करत बसतो. इंजिनियर बाई सफाक्स शहरातली, रौदा. तिला म्हटलं, पोरी, जरा हात चालव. म्हणाली, मावशी, घाई केली तर गाळ ढवळून सगळं शिसं पाण्यात पसरेल. बरं, म्हटलं, सावकाश कर. माझी परवानगी मिळाल्यावर तिला हायसं वाटलेलं दिसलं.

१९ मार्च
रौदाला कुस्कुस नेऊन दिला. तिने खाल्ला, आणि मग दोरी आणून माझ्या खुर्चीपुढे बांधली. इथून पुढे यायचं नाही म्हणे. साहेब लोकांची जागा वेगळी असतेच.

२ एप्रिल
नवी योजना. तीस वर्षं मी ओहोटीला कोयत्याने रेती उकरून तिसऱ्या शिंपल्या काढल्या. सगळ्या इटलीला जायच्या, गावात कोणी खात नसे. फक्त आमच्या घरी मी हेदीसाठी स्पॅगेटीवर घालायचे. आता काढायला बंदी. पण तिसऱ्या खाऱ्या पाण्यात ठेवल्या की रेती ओकतात हे सरकारला कोण सांगणार? रेती ओकणारा जीव शिसंही ओकेल. गुपचूप बारा आणून पातेल्यात ठेवल्या. दिवसातून तीनदा पाणी बदलायचं. संध्याकाळी शेजारच्या दलेंदाने भिंतीवरून विचारलं, मबरूका, पाहुणे आलेत का गं, बोलण्याचा आवाज येतोय. म्हटलं, बारा जण आलेत.

५ एप्रिल
पाणी काचेसारखं. सहा रौदाकडे नेल्या. आधी रागावली, मग तपासायला पाठवल्या. शिकलेली असली तरी ऐकते.

१४ एप्रिल
निकाल. रेती गेली, शिसं तेवढंच. रौदा म्हणाली, मावशी, रेती पोटात असते, हे मांसात मुरतं. घरी येऊन उरलेल्या सहाही घेऊन गेली. घर रिकामं वाटायचं काही कारण नाही. सहाच होत्या.

२० मे
हेदीचा शुक्रवारचा फोन नाही. पाच शुक्रवार झाले. कामात असेल. मीही कामात आहे.

११ जून
रौदा आपण होऊन घरी आली. शेवटचा डबा निघाला, तपासणी झाली, तळ साफ. मला धक्क्यावर नेलं. खाली फिकट रेती दिसत होती. मी नीट पाहून सांगितलं, दीपस्तंभाकडचा कोपरा राहिलाय. म्हणाली, तो सगळ्यात आधी केला, मावशी. म्हटलं, मग परत कर.  तिने विचारलं, कोण येणार होतं? मी म्हटलं, आधी तुझी ती दोरी गुंडाळ, कोणीतरी अडखळून पडेल.

१३ जून, शुक्रवार, दुपार
हेदीचा फोन आला. तब्येत विचारली.  मग अगदी हळू विचारलं, उम्मी, बंदराचं काम कुठवर आलं? खिडकीतून यंत्र दिसत होतं, माणसं ते ट्रकवर चढवत होती. मी म्हटलं, कुठलं रे, अजून वर्ष तरी जाईल, मुलीला इतक्यात आणू नकोस. म्हणाला, बरं उम्मी, मग पुढच्या उन्हाळ्यात बघू. आवाज एकदम हलका झाला त्याचा. मग पंधरा मिनिटं बोलला. मुलीचा पुढचा दात पडलाय.