मैत्रेयीचे बारा मार्क

कलबुर्गी, मंगळवार

प्रिय अक्का,

आई-अप्पांच्या इथूनच पाया पडते. मी मजेत हाय, जेवण वेळेवर होतंय. अप्पा फोन स्पीकरवर लावतेत, म्हणून तुला पत्र लिहायलेय.

माझ्या खोलीत कमठाण्याची मैत्रेयी हाय बघ. विद्यापीठानं आम्हाला विद्यार्थ्यांच्या हक्काचं आन् जबाबदाऱ्यांचं पुस्तक दिलं, ते कन्नडात. तिला कन्नड बोलता येतंय, वाचता न्हाई. मीच तिला पानन् पान मराठीत सांगितलं. मार्क कमी वाटले तर आपला पेपर बघायला मागता येतोय, हे बी मीच सांगितलं.

निकालात दोघींना बावन्न पडले. तिनं पेपर मागितला. शेवटच्या उत्तराचे मार्क बेरजेत धरायचेच राहिले होते. आता तिला चौसष्ट! पेपर कसा मागायचा, सगळा वर्ग तिलाच विचारायलाय. मला तिचं तोंड बघू वाटंना. चार दिस झाले, एकटीच जेवायलेय.

मी कामून मागितला न्हाई? निघताना अप्पा म्हणले होते, "सरांपुढं तोंड उघडू नको." तेवढी एक जबाबदारी मी पाळली.

आईचा गुडघा कसा हाय? तेल तूच चोळायलीस का?

अक्का, पेपर मागायचा आज शेवटचा दिस. अर्ज घेऊन निघालेय. अप्पांना एवढ्यात सांगू नको. लिहायला वेळ लागला न्हाई. मैत्रेयीचा अर्ज बी मीच लिहून दिला होता. तोच उतरवला, नाव तेवढं बदललं.

तुझीच,
शिवकन्या