जिनीला कोण सांभाळणार

पोलीस वसाहत, परभणी
१६ मे २०२४

प्रिय पिंकीताई,
सप्रेम जय भीम.

तुझ्या शाळेला सुट्ट्या लागल्या असतील. दाजींचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे. फोनच केला असता, पण तू "जेवलास का" विचारलंस की माझं पुढचं सगळं बोलायचं राहून जातं. म्हणून लिहितोय.

इथं ऊन लय झालंय. जिनीचा सराव मी उजाडतानाच उरकतो. आधी जमिनीला हाताची पाठ लावून बघतो. मला चटका बसला तर तिला त्यावर चालवायचं नाही. मध्येमध्ये सावली, थोडं थोडं पाणी. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही ताई, धापा टाकूनच ते गार होतं. आणि जिनी स्वतःहून कधी थांबत नाही. लपवलेली वस्तू सापडून मी "शाब्बास" म्हणेपर्यंत ती शोधतच राहते.

मंगळवारी बंदोबस्तामुळं सरावाला उशीर झाला. श्वानपथकाचे साहेब बघायला आले होते. दुसऱ्या फेरीत तिची जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ चिकट झाली आणि वळताना मागचे पाय लटपटले. मी पट्टा ओढला.

"अजून एक फेरी होऊ द्या," साहेब म्हणाले.

"न्हाई साहेब. आता पळवली तर मरंल."

लिंबाखाली नेलं, पोटावर, जांघेत पाणी ओतलं, टोपीनं वारा घातला आणि तशीच ओली जीपमधून दवाखान्यात नेली. वाचली. पण डॉक्टर म्हणाले, हिचं वय झालंय, असं पुन्हा व्हायची भीती आहे, आता कामावर नेऊ नका.

म्हणजे जिनी निवृत्त. काल साहेबांनी बोलावलं. कुणी सांभाळणार असेल तर द्यायची, नाहीतर लांबच्या एका संस्थेत पाठवायची.

मी लगेच म्हणालो, "मी नेतो."

"तुम्ही दिवसभर ड्युटीवर. घरी बघायला कोण आहे?"

"आई हाय की."

तोंडातून निघून गेलं ताई. फेब्रुवारीत पथकातले सगळे आईच्या मातीला आले होते. साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. "सोमवारपर्यंत सांगा," एवढंच म्हणाले.

मजेत आहे असं वर लिहिलंय, ते खरं नाही. ड्युटी संपली तरी मी जिनीच्या पिंजऱ्यापाशीच बसून राहतो. खोलीवर जायचं जिवावर येतं. दिवसभरात काय झालं ते तिलाच सांगतो. ती कान टवकारून ऐकते.

आई गेल्यापासून बंद असलेल्या पेडगावच्या घराची किल्ली तुझ्याकडं आहे. तिथूनच ड्युटीला ये-जा करावी म्हणतो. दुपारी जिनीला पाणी ठेवायचं शेजारच्या सरजाकाकूंनी कबूल केलंय. रविवारी तुझ्याकडं मानवतला येतो. माझ्यासोबत पेडगावला चल. ते दार मला एकट्यानं उघडवणार नाही.

तुझा
सिद्धू
(या नावानं हाक मारणारी आता तू एकटीच राहिलीस.)