दोन सूत बाहेर

शेणवा, ता. शहापूर
रविवार, २ सप्टेंबर २००७

आदरणीय बाळाराममामांस भाचा रूपेशचा सविनय जयभीम.

तुमची तब्येत, मामींचा गुडघा आणि सरळगावच्या बाजारात सध्या तुमचं ज्याच्याशी भांडण चालू असेल तो इसम, सगळे ठणठणीत असतील असं धरून चालतो. इकडे आई बरी आहे, मी जिवंत आहे, आणि बाबांचं पुढे येतंच आहे. फोन सोडून पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तुम्ही अर्ध्या वाक्यातच सुरू होता. मागच्या खेपेला आईनं नुसतं 'रूपेशनं' एवढं म्हटलं, तर तुम्ही माझ्या शिक्षणापासून माझ्या केसांपर्यंत सगळ्याची पूजा बांधलीत आणि तेवढ्यात आईच्या मोबाइलमधले पैसे संपले. पत्राला कितीही शिव्या घाला, ते शेवटपर्यंत सांगतच राहतं. तेव्हा चहा घेऊन बसा. (मामींना जवळ बसवू नका. त्या रडतील, मग तुम्ही चिडाल.)

मी डिप्लोमा सोडला हे तुम्हाला माहीत आहे. का सोडला ते मात्र मी सांगितलं ते खरं नव्हतं. 'सर जातीवरून बोलले' असं मी घरी सांगितलं होतं. ते काही बोलले नव्हते, आणि खोटं बोलायला मी ते कारण वापरलं याची लाज मला कॉलेज सोडल्याहून जास्त वाटते. झालं असं की वर्कशॉपात लोखंडाचा एक ठोकळा कानशीनं घासून काटकोनात आणायचा होता. दीड महिना घासला. सर रोज त्यावर काटकोन तपासायचा गुण्या लावायचे, उजेडाकडे धरायचे आणि फटीतून पलीकडची खिडकी बघून 'अजून' म्हणायचे. एका गुरुवारी त्यांनी 'अजून' म्हटलं आणि मी कानस फेकली. ती त्याच खिडकीतून बाहेर गेली. मागोमाग मीही गेलो. (दारातून.)

पण मामा, मी रिकामा बसलो नाही. कम्प्युटर सांगेल त्या रेषेवर लाकूड आपोआप कोरणारं मशीन बनवायला घेतलं. परदेशात लोक घरच्या पडवीत असली मशीनं बनवतात, त्याचे फोटो आणि नकाशे इंटरनेटवर फुकट असतात. हे मला शहापूरच्या कम्प्युटर क्लासमध्ये रश्मीनं दाखवलं. ती तिथं शिकवते. तुम्ही तिला पाहिलंय. बुद्धपौर्णिमेला विहारात जिनं तुम्हाला दोनदा खीर वाढली आणि तुम्ही 'पोरगी गुणाची हाय' म्हणालात, तीच ती. तुमचं ते एक वाक्य मी दोन वर्षं जपून ठेवलंय आणि माझ्या बरबादीत तुमचा वाटा तेवढाच आहे.

मशीन सोपं आहे. तीन मोटारी, तीन आट्यांचे रॉड. रॉड फिरला की नट सरकतो आणि नटाबरोबर कोरायचं पातं सरकतं: एक आडवं, एक उभं, एक खाली-वर. मोटारी आटगावच्या मंगळू भंगारवाल्याकडून, जुन्या प्रिंटरमधल्या. त्यानं विचारलं, "यांचं काय करशील?" मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे बापाला घरी बसवलं मशिनीनं, आता पोरगा मशीन घरी बसवतोय." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. (मोटारी आधी पिशवीत घातल्या होत्या.) सरकायच्या पट्ट्या आईच्या कपाटाच्या ड्रॉवरमधून काढल्या, त्यामुळे आता आईच्या साड्या बादलीत असतात. आई याबद्दल काही बोलत नाही, फक्त प्रत्येक वेळी साडी काढताना बादली वाजवते.

मशीनच्या खालच्या पाटासाठी मी भुशाचा बोर्ड वापरला होता. जुलैच्या हवेत तो भाकरीसारखा फुगला. मशीन सरळ रेष काढायला जायचं आणि डोंगर चढून उतरायचं. पाटाला जुनं, मुरलेलं, पुन्हा कधी हलणार नाही असं लाकूड हवं होतं.

आता मामा, कप खाली ठेवा.

असं लाकूड आख्ख्या शेणव्यात एकाच ठिकाणी होतं. बाबांच्या टेबलाला. ते टेबल तुम्हाला मी काय सांगावं? फळी तुमच्या बांधावरच्या सागाची, तुम्ही आईच्या लग्नात दिलेली. तुम्ही आणि बाबांनी मिळून रंधा मारलेली. कारखान्यात लोखंड ओतायचे लाकडी साचे बाबांनी पंचवीस वर्षं केले, पण प्रत्येक सुट्टी घरी त्या टेबलापाशीच काढली. आणि हात थरथरायला लागल्यावर कारखान्यानं त्यांच्या जागी मशीन आणून त्यांना घरी पाठवलं, तेव्हाही ते रोज सकाळी पडवीत त्या टेबलापाशी जाऊन बसत. काम काही नसे. दोन्ही तळहात फळीवर ठेवून नुसते बसत. मला वाटायचं, सवय.

ऑगस्टच्या सुरुवातीला बाबा विहिरीवर पडले आणि त्यांना कल्याणला दवाखान्यात ठेवलं. आई तिथं, मी इथं. त्याच आठवड्यात कळलं की रश्मीला बँकेतला मुलगा बघायला येतोय आणि महिनाअखेरीस सुपारी फुटणार. तिचे वडील पोस्टात. त्यांच्यासमोर जाऊन 'मी कॉलेज सोडलं, पण माझ्याकडे बादलीभर मोटारी आहेत' असं सांगता येत नव्हतं. चालू मशीन दाखवलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. निदान मला तसं वाटलं, आणि मला एकदा वाटलं की काय होतं ते त्या खिडकीला विचारा. मी करवत घेतली आणि टेबल मधोमध कापलं. सव्वा तास लागला. लाकूड इतकं कडक की करवत दोनदा अडकली. दोन्ही वेळा थांबायला जागा होती. मी पात्याला तेल लावलं.

नवव्या दिवशी बाबा घरी आले. जीपमधून उतरले, ओट्यावर चढले, सवयीनं पडवीकडे वळले आणि जिथं टेबल होतं तिथं उभे राहिले. तिथं फरशीवर चार पायांचे चार डाग होते. त्यांनी हात पुढे केले, टेबलाच्या उंचीवर, आणि हात हवेत तसेच थरथरत राहिले. मग आई म्हणाली, "तिथं टेबलावर ठेवलं की हात थांबायचे रे त्यांचे. तुला ठावं नव्हतं?" मामा, मला खरंच ठाऊक नव्हतं. एका घरात राहून मला मंगळूकडच्या प्रत्येक मोटारीचा नंबर पाठ होता, आणि हे नव्हतं.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. ओरडले असते तर मी उलट ओरडलो असतो, ते मला येतं. ते ओट्यावर बसतात, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. जेवताना आई भरवते. मी आत आलो की घास नको म्हणतात, म्हणून मी पडवीत, मशीनपाशी जेवतो.

रश्मीचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच झालं. सुपारीच्या आधीच्या मंगळवारी मी तिला मशीन बघायला बोलावलं. तिच्यासाठी सागाच्या तुकड्यावर पिंपळपान कोरायचं ठरवलं होतं. वीज जायच्या वेळा मी भिंतीवर लिहून ठेवल्यात, त्याप्रमाणे चाळीस मिनिटं हातात होती. अर्धं पान असं सुरेख उतरलं की ती "अगो बाई" म्हणाली. हा माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण, आणि त्याच क्षणी वीज गेली. (पावसाळ्यात भारनियमन कमी होईल म्हणतात, ते कुठल्या पावसाळ्यात ते सांगत नाहीत.) या मशीनला आपण कुठं होतो ते आठवत नसतं. वीज आली की ते जिथं असेल तिथून नव्यानं जग सुरू करतं. मी पातं अंदाजानं जागेवर आणलं, आणि उरलेलं अर्धं पान पहिल्या अर्ध्यापासून चार बोटं बाजूला उतरलं. रश्मीनं तो तुकडा हातात घेतला, उलटा केला. मागच्या बाजूला बाबांच्या पटाशीच्या जुन्या खुणा होत्या. लहानपणी ती आमच्याकडे शाळेची पट्टी नीट करून घ्यायला यायची, तिनं त्या ओळखल्या. "काकांचं टेबल कुठाय?" म्हणाली. मी मशीनच्या पाटाकडे बोट केलं. तिनं तो तुकडा पाटाशेजारी ठेवून पाहिला. मग म्हणाली, "मला पान द्यायला बापाचं टेबल कापलंस. उद्या माझ्यावर रागावलास का माझं काय कापशील?"

मी तिला म्हणालो की तू बँकवाल्यासाठी निमित्त शोधतेस. ती म्हणाली, "निमित्त तूच दिलंस रे, मी तर नाय म्हणायला आली होती घरी." आणि गेली. ती कोणाला नाही म्हणणार होती, बँकवाल्याला की मला, यावर मी बारा दिवस विचार करतोय. सुपारी रविवारी फुटली. आमच्याकडे पेढे आले. बाबांनी एक खाल्ला.

असो. या पत्रात माझं काही मागणं नाही. तुम्ही दिलेल्या फळीचं काय झालं ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, एवढंच. मशीन आता उत्तम चालतं, विहाराच्या पाटीचं काम मिळण्यासारखं आहे, आणि मी ठीक आहे. मामींना जयभीम.

तुमचा, निदान शिव्या घालण्यापुरता तरी,
रूपेश

ता.क. (सोमवार) मागणं नाही असं वर लिहिलंय, ते पुन्हा वाचल्यावर मलाच हसू आलं. त्याच सागाची दुसरी फळी तुमच्या माळ्यावर आहे. तुम्ही ती स्वतःच्या म्हातारपणीच्या पलंगासाठी राखून ठेवलीय हे मला माहीत आहे. मामा, ती मला द्या. मशीनसाठी नाही. बाबांचे हात ठेवायला. तुम्हाला मी लोखंडी पलंग आणून देईन, तोवर खाली झोपा.

ता.क. (मंगळवार, संध्याकाळ) पाकीट अजून टाकलं नाही, कारण आज हे झालं. मी शहापूरहून आलो तर बाबा पडवीत. माझ्या मशीनच्या पाटावर दोन्ही तळहात ठेवून बसलेले. शेवटी लाकूड तेच ना. हात थांबले नव्हते, पण कमी झाले होते. आईच्या हातात सुतळीचं एक टोक. बाबांनी सुतळीला गाठी मारून घेतल्या होत्या (त्या गाठी मारायला दुपार गेली, आई म्हणते) आणि तीन, चार, पाचच्या मापानं मशीनचा कोपरा काटकोनात आहे का ते तपासलं होतं. पाटावर पेन्सिलीनं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय: 'दोन सूत बाहेर.' म्हणजे पाव इंच, मामा. वीज गेली नसती तरी ते पान वाकडंच उतरलं असतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकवीस दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलायला तोंड उघडलं. म्हणाले, "बाळाराम माझा गुण्या कधी देणार, विचार त्याला."

मामा, आई सांगते की शिसवी मुठीचा तो गुण्या तुम्ही माझ्या बारशाच्या वेळी चौकट बसवायला नेलात. मी आता वीस वर्षांचा आहे. बाबांचे बाकीचे गुणे कारखान्याचे होते, ते परत गेले. या घरातली एकही गोष्ट काटकोनात नाही याचं खापर इतके दिवस एकट्या माझ्यावर फुटत होतं, हे नम्रपणे तुमच्या नजरेस आणून देतो.

ता.क. (बुधवार) मशीनबद्दल वर जे चांगलं लिहिलंय ते खोडलेलं समजा. बाबांनी ते उघडायला लावलं. मोटारी परत पिशवीत, पट्ट्या परत कपाटात, साड्या बादलीतून वर. आधी टेबल, मग त्या टेबलावर मशीन, असा हुकूम आहे. फळी आणि गुण्या किन्हवलीवरून येणाऱ्या जीपच्या टपावर घालून रविवारी या. गुण्या आधी तपासा. बाबा म्हणतात, बाळारामनं वीस वर्षांत तो नक्की आपटला असणार.

किती फूट फळी हवी ते बाबांनी याच कागदावर खाली स्वतः लिहिलंय. तो आकडा पाच आहे की सहा, मला कळत नाही. आईलाही कळला नाही. त्यांना पुन्हा विचारायची माझी हिंमत नाही. तुम्ही सहाच आणा. जास्तीचं मी कापीन, ते उभे राहून सांगतील तिथं. हातानं.