दोन विती तोंडाची चूल

३ जानेवारी १९६२

सासूनं आज पुन्हा हुकूम सोडला! तिच्या खोलीत नवी चूल पाह्यजे — "दोन विती तोंडाची घाल, बाजूले दुसऱ्या भांड्याले वैल ठेव. हंडाभर पाणी खळखळलं पाह्यजे."

एकटी म्हातारी, खाते अर्धी भाकर. तिले एवढा जाळ कायले? पण अख्ख्या गावात चुली मीच घालते, मले नाही म्हणता येत नाही.

५ जानेवारी

माती भिजवली अन् बाबू आठवला. माझं पहिलं लेकरू. वीस वर्षं झाली. असीच थंडी होती. बाळंतिणीचं पाणी सैपाकाच्या चुलीवर चढवायचं नाही — हा म्हातारीचा दंडक! खोलीत तिनंच टीचभर चूल घालून देल्ली. पाणी कोमटबी झालं नाही. लेकराले तसंच न्हाऊ घातलं. तिसऱ्या दिवशी गेला. अन् ही म्हणे, "जाळच लागला नाही, मी काय करू?"

मी विसरली नाही. मरेपर्यंत विसरणार नाही!

६ जानेवारी

घातली चूल. तोंड एकच वीत! वैल नाही. आतून माती जाड थापली, हवेले वाट ठेवली नाही. वरून मस्त सारवली. फुंक म्हणा म्हातारे आता! खा धूर!

नवरा म्हणे, "लहान नाही झाली?" म्हटलं, एकीपुरती बस्स हाय.

१० जानेवारी

म्हातारीनं चूल पेटवलीच नाही. मोतीबिंदूचे डोळे घेऊन एसटीत बसली — मारेगावले, माझ्या लेकीच्या, पंचफुलाच्या सासरी. कायले, सांगतलं नाही. पंचीले नववा महिना लागला, पण तिची सासू माहेरी धाडत नाही. मी दोनदा गेलती, रिकामी आली.

१२ जानेवारी

पंची दारात! म्हातारीनं तिच्या सासूचे पाय धरून आणली.

"माझी खोली घे पोरी. तुया मायनं मोठी चूल घातली." मंग माझ्याकडे वळून म्हणे, "बाबूच्या वेळी पाणी तापलं नाही. म्हून मोठी मागतली."

कुदळ घेतली, चूल फोडली. पुन्हा माती कालवली. दोन विती तोंड, बाजूले वैल. वाळायले पाच दिवस लागतीन. मले लय लाज वाटली.

१३ जानेवारी

पंचीले कळा लागल्या. नवी चूल ओलीच. मी हंडा उचलला अन् सैपाकाच्या चुलीवर ठेवला. म्हातारी रडाले लागली — "तवा मले हे काहून सुचलं नाही वं?"

मी अजून दोन लाकडं सारली.