गाडी रेंगाळत होती, मामा नाही

प्रिय छकुली,

फोन केला असता तर आवाज चढला असता, म्हणून कागद घेतला. कालपासून डोकं सुन्न आहे. लहानपणी तुझी शाळेत ने-आण करणाऱ्या ड्रायव्हरमामांना मी महिन्यापूर्वी कामावरून काढलं. आपल्या इलेक्ट्रिक टॅक्सीचं चार्जिंग वीस मिनिटांत व्हायचं, त्याला पाऊण तास लागू लागला. मी चारचौघांत म्हणालो, चार्जरपाशी झोपा काढता काय? ते एवढंच म्हणाले की मालक, रेंगाळते ती गाडी, मी नाही. सगळे हसले. मामा किल्ली टेबलावर ठेवून निघून गेले.

काल ती गाडी मीच चार्जिंगला नेली. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि दुखणं ओळखायचं, यावर हे गॅरेज उभं केलंय मी. पूर्वी प्लग लावला की बॅटरी थंड ठेवणारा बॉनेटखालचा पंखा असा घोंघावायचा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. काल मांजर गुरगुरावं तसा. स्क्रीनवर चार्जिंगचा वेग निम्म्याहून कमी. चार्जर बदलला, तरी तेच. तसलीच गाडी घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, मागच्या सॉफ्टवेअर अपडेटपासून हीच रड आहे आणि कंपनी म्हणते, काही बदललंच नाही! अगं, माणूस खरं बोलत होता!

बॅटरी जपायला वेग कमी केला असेल, तर तेही पटेल मला. पण मग सांगा ना! साधा ब्रेकपॅड बदलला तरी मी जुना गिऱ्हाइकाच्या हातात देतो.

आणि तू तर त्याच कंपनीच्या बॅटरी विभागात. मामांना काढण्याआधी मी तुलाच विचारलं होतं, गाडीत काही बदललंय का. तू क्षणभर थांबलीस. मग म्हणालीस, बाबा, किरकोळ सुधारणा आहेत, वेग तोच आहे. ते थांबणं मी ऐकलं होतं. इंजिन असतं तर उघडून बघितलं असतं. लेक होतीस, म्हणून सोडून दिलं.

आज सकाळी मामांकडे गेलो. दार मामींनी उघडलं, मामा बाहेर आलेच नाहीत. दारातूनच माफी मागितली, पण ती अर्धीच झाली, उरलेली तुझी आहे. नोकरीचं काय करायचं ते तू ठरव, मी त्यात पडत नाही. मात्र रविवारी ये. त्यांच्या दारात माझ्याशेजारी उभी राहा आणि एवढंच सांग, की तुला ठाऊक होतं.

रागावलेला, तरी तुझाच,
बाबा