केसाएवढी शिरोरेषा

महाड, मंगळवार, एप्रिल १९५९

धाकटा भाऊ पोलादपूरहून मुलीची लग्नपत्रिका घेऊन आला. छापली बाजारपेठेतल्या नव्या छापखान्यात. माझा स्वतःचा छापखाना असताना!

"दादा, रागावू नकोस. पोरगीच म्हणाली, काकाचं अक्षर नाटकाच्या जाहिरातीला बरं."

अक्षर सुंदर आहे, तेच सलते. काना जाड, शिरोरेषा केसाएवढी बारीक, वेलबुट्टी कुठेच नाही. असे छपाईचे खिळे मी का नाही आणले? केसाएवढी रेघ, आणि एकदाही तुटलेली नाही.

"पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची. कुंकू तूच लाव," भाऊ म्हणाला.

चारही कोपऱ्यांना लावले. त्या बारीक रेघेला जपले. खालच्या कोपऱ्यातले छापखान्याचे नाव मात्र कुंकवाच्या बोटाने पुरते झाकून टाकले. मुद्दाम.